आर६ ठेवू, मार्क २ घेऊ की मार्क ३? लगीनसराई तोंडावर आली, ठरता ठरेना

मेहरूणची_बोरं
मंडळी, राम राम. जळगावात राहतो, लग्नाची कामं करतो. फोटो माझ्याकडे, व्हिडिओ धाकट्या भावाकडे. कॅननचा एक आर६ कॅमेरा आहे, जोडीला जुना ६डी मार्क २. लेन्सा बहुतेक ईएफच्या, म्हणजे जुन्या डीएसएलआर माउंटच्या काळातल्या: २४-७० एफ २.८, ७०-२०० एफ २.८. दोन्ही ॲडॉप्टरवर झकास चालतात. नव्या आरएफ माउंटची एक ५० एफ १.८ पण आहे. पौषात मुहूर्त नसतात तेव्हा हतनूरच्या धरणावर पक्ष्यांमागे फिरतो, त्यासाठी आरएफ १००-४०० घेतली. त्यातून एक रुपया मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आर६ आला २०२० च्या जुलैत, आर६ चाच मार्क २ नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि आता नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्क ३ आला. त्यामुळे मार्क २ चे भाव उतरलेत, सेकंडहॅन्डही दिसायला लागलेत. नाशिकचा एक दोस्त रोज फोन करून विचारतो, "घेतला का? घेतला का?" धाकटा म्हणतो, घ्यायचा तर मार्क ३. घरून हुकूम आहे की आधी गच्चीवरचे पत्रे. पैसे एकाच बॉडीपुरते आहेत, तेही अर्धे हप्त्यावर. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) पुढे तारखा लागलेल्या आहेत, त्याच्या आत काय ते ठरवायचंय.

फोटोंबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार नाही. तरी घ्यायचा का? आणि कोणता?

भुसावळ_जंक्शन
तक्रार नाही तर औषध कशाला? अडतंय काय ते आधी सांग, मग बोलू.

गिरणाकाठचा
चाळीसगावचा आहे, त्यामुळे केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. पन्नासेक वर्षं माणूस घराबाहेर जवळपास पडला नाही, आणि टेबलावर चार वस्तू मांडून अशी छायाचित्रं केली की लोक अजून कलादालन बघायला येतात. स्टेशनाजवळच आहे, नसेल पाहिलं तर एकदा जाऊन या. त्यांनी दर तीन वर्षांनी बॉडी बदलली असती का, एवढंच विचारतो.

अमळनेरकर
भो, मूस बाबा जव्हय फोटो काढेत तव्हय टेबलवरलं सफरचंद हालत नव्हतं. आठे नवरदेवना मामा नाचता नाचता लेन्सवर पडस.

गंमत सोडा, पण कलाकाराचा न्याय धंदेवाल्याला लावू नका. मूस यांना कोणी रात्री अकराला फोन करून "हळदीचे रील अजून का आले नाहीत" असं विचारत नव्हतं.

गिरणाकाठचा
मामा हा मुद्दा मान्य. माघार घेतो.

मेहरूणची_बोरं
भुसावळ, बरोबर विचारलंस. रात्री भावाशी बसून बोललो. फोटोत काही अडत नाही. हॉल अंधारा असो, मांडवात ते जांभळे एलईडी असोत, डोळ्यावर फोकस बसतो. अडतंय ते व्हिडिओत.

आपल्याकडे विधी लांबतात. मंगलाष्टकांआधी पाहुण्यांची नावं पुकारणं, सत्कार, पुढाऱ्यांचं भाषण, मग आहेर. आर६ वर एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबते, पुन्हा बटण दाबावं लागतं. ट्रायपॉडवर लावून भाऊ दुसरीकडे गेला की जीव टांगणीला. दुसरं म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात दुपारचा मुहूर्त, पत्र्याचा नाहीतर कापडी मांडव. भाऊ एप्रिलपासून ४के लावतच नाही, फुल एचडीवर भागवतो. लोक आता घरच्या मोठ्या टीव्हीवर लग्न बघतात आणि ४के मागतात.

चोपडा_स्टुडिओ
आता खरं दुखणं बाहेर आलं. तुमच्यासारखाच आमचा धंदा, म्हणून सविस्तर लिहितो.

आर६ बाजारात आला तेव्हा कंपनीनेच आकडे दिले होते: ४के ६० ला (सेकंदाला ६० फ्रेम) साधारण ३० मिनिटं, ४के ३० ला ४० मिनिटं, आणि हे आकडे २३ अंश तापमानातले. २३ अंश आपल्याला कधी मिळतात? पहाटे, तेही माघात. त्याच माहितीपत्रकात कॅमेरा वापरायचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, मांडवाच्या पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे आपण मुळात कागदावरच्या मर्यादेबाहेर काम करतो. कोणत्याही कंपनीचा घ्या, हा आकडा ४० च्याच आसपास दिसेल.

मार्क २ मध्ये ती अर्ध्या तासाची मर्यादा काढून टाकली आहे. ४के ३० सलग सहा तासांपर्यंत, ४के ६० चाळीस मिनिटांहून जास्त, हेही थंड खोलीचं गणित. पण पायाच वर गेला की उन्हातसुद्धा तेवढा पल्ला वाढतो. शिवाय मेनूत "गरम झाल्यावर आपोआप बंद" याची पातळी 'हाय' करता येते. ती फक्त ट्रायपॉडवर असताना करायची. हातात धरलेल्या कॅमेऱ्यावर केली तर तळवा भाजेल, तसा इशारा तिथेच दिलेला असतो.

चित्रातही फरक आहे. आर६ चं ४के किंचित कापलेलं येतं आणि ५.१के मधून तयार होतं. मार्क २ चं पूर्ण रुंदीचं, ६के मधून. हॉलच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून उभं राहणाऱ्याला पूर्ण रुंदीचं मोल कळतं.

आणि दोघांची बॅटरी एकच, एलपी-ई६एनएच. कार्ड तेच, दोन्ही खाने एसडी यूएचएस-२. म्हणजे बॉडी आणली की दुसऱ्या दिवशी कामाला. बॅटरीही जास्त पुरते: स्क्रीनवर बघून काढले तर आर६ ५१० फोटो, मार्क २ ७६०, कंपनीच्या मोजणीने.

एक बदल अंगवळणी पडायला वेळ घेतो. चालू-बंदचं बटण मार्क २ मध्ये उजवीकडे गेलं आणि आर६ वर जिथे ते होतं तिथे फोटो-व्हिडिओचा खटका आला. दोन्ही बॉडी सोबत वापरल्या तर घाईत हात चुकतो. बंद करायला जाता आणि व्हिडिओ मोडमध्ये जाता.

सोनेरी_केळं
कॅनन सोडा हो. सोनी ए७ ४ घ्या. ३३ मेगापिक्सेल, २०२१ पासून निम्म्या महाराष्ट्राची लग्नं त्यावर होतायत. सिग्मा-टॅमरॉनच्या एफ २.८ लेन्सा कॅननच्या निम्म्या पैशांत मिळतात. कॅननवाले आरएफच्या नावाने खिसा कापतात.

चोपडा_स्टुडिओ
लेन्सचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. कॅननने २०२४ मध्ये आरएफला सिग्मा-टॅमरॉनची दारं उघडली, ती एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडींपुरती. आपल्यासारख्या मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेमवाल्याने कॅननचीच घ्यायची नाहीतर जुन्या ईएफवर दिवस काढायचे. आज कोणी शून्यातून धंदा सुरू करत असेल तर मी पण त्याला सोनी बघायला सांगेन. पण यांच्याकडे दोन चांगल्या ईएफ लेन्सा, फ्लॅश, ट्रिगर, सगळं जमलेलं आहे. ते विकून पुन्हा उभं करायचं, तेही आखाजीच्या तोंडावर?

सोनेरी_केळं
विकताना भाव पडतो, ते खरं. असो, मी माझं मत दिलं.

मेहरूणची_बोरं
सोनीभाऊ, राग मानू नका. या सीझनला कंपनी बदलणार नाही, एवढं नक्की. आता धाकट्याचा हट्ट सांगतो. मार्क ३ मध्ये ३२.५ मेगापिक्सेल, ७के रॉ (प्रक्रिया न केलेला कच्चा व्हिडिओ), आणि ओपन गेट. तो म्हणतो, अल्बमची पानं मोठी, मेगापिक्सेल पाहिजेतच. आम्ही १२ बाय ३६ चा अल्बम देतो.

धुळ्याची_शेवंती
मी अल्बम डिझाइन करते, धुळे-नंदुरबारकडच्या स्टुडिओंची कामं येतात. मेगापिक्सेलच्या वादात उतरायची इच्छा नव्हती, पण १२ बाय ३६ म्हटल्यावर राहवलं नाही.

हिशेब मांडून बघा, भाऊ. आर६ चा फोटो आडवा ५४७२ पिक्सेल. ३६ इंचांच्या अख्ख्या पानावर एकच फोटो पसरला तर इंचाला १५२ पिक्सेल पडतात. मार्क २ चा ६०००, म्हणजे १६७ च्या आसपास. मार्क ३ चा ६९६०, म्हणजे १९३. छपाईला उत्तम धरतात त्या ३०० ला तिघांतला एकही पोचत नाही! आणि अख्ख्या पानावर एक फोटो असतो तरी कितीदा? मुखपृष्ठामागचं पहिलं पान, एखादं वरमालेचं, शेवटचं पाठवणीचं. बाकी पानांवर सहा-सात फोटो बसवावे लागतात, कारण आत्याबाईंचा ग्रूप राहिला तर अल्बम परत येतो. अर्ध्या पानावर आर६ चा फोटो १८ इंचांत ३०४ नी बसतो. अल्बम मांडीवर घेऊन बघतात, भिंगाखाली नाही.

माझ्याकडे फुटलेले फोटो येतात ते दोन कारणांनी. एक, लांबून काढून मग नवरीचा चेहरा एवढासा कापून मोठा केलेला. दोन, व्हॉट्सॲपवरून पाठवलेला. दुसऱ्यावर तर कोणताच कॅमेरा इलाज करू शकत नाही.

पहिल्यात मात्र ३२ मेगापिक्सेलने खरंच फरक पडतो. कापायला जागा जास्त मिळते. तुमच्या हाताखाली नवीन मुलं फोटो काढत असतील आणि चौकट नीट बसवत नसतील तर त्याचा उपयोग आहे. तुम्ही स्वतः काढत असाल तर तुमचं तुम्हाला माहीत.

आणि हो, फायली जड होतात. एका लग्नाच्या दोन-तीन हजार रॉ घेऊन मुलगा पेन ड्राइव्ह आणतो, माझा कॉम्प्युटर आधीच धापा टाकत असतो. कॅमेऱ्यासोबत हार्ड डिस्क आणि कॉम्प्युटरचाही खर्च धरा, हे कोणी सांगत नाही.

मेहरूणची_बोरं
ताई, हा हिशेब भावाला वाचून दाखवला. गप्प बसला. मग म्हणाला, "ओपन गेटचं काय?"

अमळनेरकर
ओपन गेट म्हंजे काय रे भो? मांडवनं गेट का?

चोपडा_स्टुडिओ
अमळनेरकर 😀 सेन्सरची पूर्ण उंची वापरून ३:२ आकारात व्हिडिओ घेणं. एकाच क्लिपमधून नंतर आडवी फिल्मही कापता येते आणि उभं रीलही. सध्या आपण काय करतो, आडवा कॅमेरा फिल्मला आणि उभा मोबाइल रीलला. नवरी आत येते तेव्हा दोन माणसं एकमेकांच्या चौकटीत घुसतात. त्या दृष्टीने धाकट्याचा हट्ट अगदीच पोरकट नाही. मार्क ३ घ्यायचं माझ्या लेखी खरं कारण हेच, मेगापिक्सेल नव्हे.

पण पुढचा खर्च बघा. मार्क ३ चा एक खाना सीएफएक्सप्रेस टाइप बी, दुसरा एसडी. ७के रॉ साठी ते महाग कार्ड आणि रीडर घ्यावाच लागतो. दोन्ही कार्डांवर एकदम फोटो लिहायचे, जे लग्नात करायलाच हवं, तर दोन जातींची कार्डं सांभाळायची. बॅटरी नवी, एलपी-ई६पी. जुन्या एनएच चालतात पण काही सोयी बंद होतात. अमेरिकेतल्या जाहीर किमती बघितल्या तर आर६ आणि मार्क २ दोन्ही २,४९९ डॉलरला आले होते, मार्क ३ २,७९९ ला. आज मार्क २ जुना झाल्याने त्याच्या खाली मिळतो. म्हणजे दोघांतलं अंतर दिसतं त्याहून मोठं, त्यात कार्ड-बॅटरी मिळवा. बैलजोडी धडधाकट असताना ट्रॅक्टरच्या हेडलाइटवर भाळायचं, तसं होऊ देऊ नका.

आणि ७के रॉ चं एडिटिंग कोण करणार, कशावर? भावाचा लॅपटॉप कोणता?

मेहरूणची_बोरं
लॅपटॉपचं नावच काढू नका.

भुसावळ_जंक्शन
मिळालं उत्तर.

रानपिंगळा
शहाद्याकडचा आहे, लग्नातलं काही कळत नाही, पण हतनूरचं नाव वाचून थांबलो. पक्ष्यांसाठी बॉडी बदलणार असाल तर थांबा.

आर६ पहिल्या दिवसापासून कुत्रा, मांजर आणि पक्षी ओळखतो. मार्क २ मध्ये त्यात घोडा आला, आणि पकड जास्त चिवट झाली: गवताआड गेलेला पक्षी पुन्हा बाहेर आला की लगेच धरतो. बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाच्या फ्रेमही रॉ बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात भराभर फोटो घेताना, साठवता येतात. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा ती चीज फार कामाची, कारण त्याने उडी घेतलेली दिसल्यावर आपलं बोट हलतं आणि तोवर तो पाण्यात असतो.

पण हतनूरला तुमची अडचण काय असते? पाणी अफाट. पट्टकादंब आणि चक्रवाक पार मधल्या गाळपेरावर, तुम्ही काठावर. १००-४०० ने तिथे ठिपका मिळतो, आणि त्या ठिपक्याचा डोळा कोणताच कॅमेरा शोधू शकत नाही. ४०० चे ८०० मिलिमीटर झाले की तोच पक्षी चौपट जागा व्यापतो. आरएफ २००-८०० आली २०२३ मध्ये, एफ ६.३ ते ९, वजन दोन किलोच्या वर. हातात धरून फिरायला जड, पण काठावर बसून काढायला उत्तम. तुमच्या आर६ वर ती लावली तर नव्या बॉडीवर १००-४०० लावण्यापेक्षा कितीतरी चांगले फोटो येतील.

रानपिंगळ्यासाठी तर काहीच नको. ११३ वर्षं ज्याला कोणी नीट पाहिलं नव्हतं आणि १९९७ मध्ये आमच्या शहाद्याच्या रानात जो पुन्हा सापडला, तो पक्षी दिवसाढवळ्या सागाच्या फांदीवर मख्ख बसून राहतो. जुना ६डी सुद्धा पुरेल. फक्त कृपा करून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. तोरणमाळकडे हल्ली तोच प्रकार चालतो, विणीच्या दिवसांतसुद्धा. फोटो मिळतो आणि पक्षी घरटं सोडतो.

मेहरूणची_बोरं
आवाजाचं शंभर टक्के मान्य. आणि लेन्सचं वाचून बरं वाटलं, म्हणजे पक्ष्यांचा विषय यातून काढून टाकतो. तो शौक आहे, पत्र्यांच्याही नंतरचा.

अमळनेरकर
घोडा ओळखस म्हने! मंग सारंगखेडानी जत्राले चाल भो. दत्तजयंतीले घोडाच घोडा. मार्क २ ले कितला दिसतीन तितला कमीच.

भुसावळ_जंक्शन
वरातीतला घोडाही धरा. नवरदेव सोडून घोड्याच्या डोळ्यावर फोकस गेला तर?

चोपडा_स्टुडिओ
चेष्टेत बोललात, पण हे होतं. मार्क २ मध्ये काय ओळखायचं ते 'ऑटो' वर ठेवलं की माणूस, प्राणी, गाडी यातलं तो स्वतः निवडतो. वरातीत सरळ 'माणूस' वर लावून टाकायचं. आणि डीजेच्या गाडीपुढे, एलईडी भिंतीपुढे इलेक्ट्रॉनिक शटर बंद, मेकॅनिकल चालू. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्हिडिओला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० नाहीतर १/१००. तरी मोठ्या एलईडी पडद्यावर पट्टे येतातच, कारण ते पडदे भलत्याच वेगाने लुकलुकतात. मार्क २ मध्ये त्यासाठी शटर बारीक टप्प्यांनी सरकवायची सोय आहे, पट्टे जाईपर्यंत चाक फिरवायचं. आर६ मध्ये फक्त साध्या ट्यूबलाइटच्या लुकलुकीचा बंदोबस्त होता. हल्ली लग्नात स्टेजमागे पडदा नाही असं लग्न दाखवा.

मेहरूणची_बोरं
हे मला माहीतच नव्हतं. पाचोऱ्याच्या एका रिसेप्शनचे पट्टे अजून डोळ्यांपुढे आहेत.

खानदेशी_हिशेबनीस
पैशाचं कोणी बोलेना म्हणून मी. स्टुडिओची जीएसटी नोंदणी आहे का? सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की ती लागतेच. असेल तर पक्क्या बिलावर घेतलेल्या कॅमेऱ्याचा १८ टक्के कर क्रेडिट म्हणून परत वळतो. २०१८ संपेपर्यंत हा कर २८ टक्के होता, तेव्हाच्या बिलांची सवय असलेले लोक अजून "बिल नको, तसाच द्या" म्हणतात. क्रेडिट घेतलं तर त्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा दाखवता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. बाकी किमतीवर घसारा मिळतो.

नोंदणी नसेल तर हे सगळं सोडा. मग सेकंडहॅन्डचा विचार जास्त शहाणपणाचा, कारण आधीच्या मालकाने पहिल्या वर्षाची घट सोसलेली असते.

विनाबिलाच्या परदेशी मालाचं मात्र कौतुक करू नका. मुंबईच्या एका दुकानातून भाच्याने तसा घेतला, स्वस्त म्हणून. भारतातली वॉरंटी नाही, आणि दुकानदार आता फोन उचलत नाही.

मेहरूणची_बोरं
नोंदणी नाही साहेब, तिथवर पोचलो तर पेढे वाटीन. मग सेकंडहॅन्ड मार्क २ बघायचा ठरला तर काय काय तपासू? मोबाइलचं कळतं, कॅमेरा कधी जुना घेतला नाही.

भुसावळ_जंक्शन
मी घेतलेत. बिल आणि बॉडीखालचा नंबर जुळतो का, सगळ्यात आधी ते. जुळत नसेल तर चहा पिऊन घरी यायचं. मग लेन्स लावून एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो, तो मोठा करून काळे डाग बघ. धूळ पुसता येते, ओरखडा नाही. झाकण लावून पंधरा-वीस सेकंदांचा एक्स्पोजर घे, रंगीत ठिपके किती उठतात ते दिसतं.

स्क्रीन पूर्ण फिरवून बघ, वळवताना चित्र जातं का. व्हिडिओवाल्यांच्या हातून आलेला असेल तर बिजागरी सैल झालेली असते, आणि एचडीएमआयचं भोकही. केबल लावून हलक्या हाताने हलव. दोन्ही खान्यांत कार्ड घालून दोन्हींवर लिहितो का बघ, हे लोक हमखास विसरतात. फ्लॅश लावून उडव. आणि सगळ्यात शेवटी, तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: ४के ३० लावून टेबलावर चालू ठेव आणि मालकाशी तासभर गप्पा मार. अर्ध्या तासाचा टप्पा ओलांडून पुढे जातो का ते तिथेच कळतं. मालक घाई करायला लागला तर समजून जा.

धुळ्याची_शेवंती
लग्नातल्या कॅमेऱ्याच्या फटींत हळद असते, हेही बघा. बटणांच्या कडेला पिवळं दिसलं तर मालक "फक्त घरी वापरला" म्हणत असला तरी विश्वास ठेवू नका.

भुसावळ_जंक्शन
ताई, हे एक नंबर. मी पण लिहून ठेवतो.

गिरणाकाठचा
एवढं सगळं होईस्तोवर मी भरीत भाजायला ठेवलं. बामणोदची वांगी आलीत. कोणाला यायचं असेल तर या.

अमळनेरकर
कळण्यानी भाकर शे का?

गिरणाकाठचा
आहे.

चोपडा_स्टुडिओ
विषय भरकटायच्या आत उन्हाळ्याचं एक सांगतो, कारण मार्क २ घेतला तरी ऊन तेच राहणार. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्क्रीन उघडून बॉडीपासून बाजूला करा, मागची उष्णता निघायला वाट मिळते. वर पांढरी छत्री क्लॅम्पने लावा. काळं कापड टाकू नका, काही जण टाकतात. मांडवातल्या कूलरच्या थेट तोंडाशीही ठेवू नका, ती हवा ओली असते. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवून जेवायला जाणं म्हणजे विधी सुरू व्हायच्या आधीच रेकॉर्डिंगची निम्मी मिनिटं गमावणं. आणि जिथे हलवाहलव नाही तिथे ४के ६० लावू नका, २५ पुरतं. मंगलाष्टकं कोणी स्लो मोशनमध्ये बघत नाही.

मेहरूणची_बोरं
उशीर झाला, मधे दोन साखरपुडे होते. आता काय ठरलं ते लिहितो.

मार्क २ घेतोय, सेकंडहॅन्ड, बिलासकट. संभाजीनगरच्या एकाने मार्क ३ घेतला, त्याचा. रविवारी जाऊन बघणार, भुसावळने सांगितलंय तसं टेबलावर तासभर चालू ठेवून. तो मालक स्वतःहून म्हणाला, "दोन तास ठेवा, जेवण इथेच करा." मार्क २ भावाकडे जाईल, व्हिडिओला. आर६ माझ्याकडेच, फोटोला, त्याला काही धाड भरलेली नाही. खटक्याच्या गोंधळावर उपाय म्हणून दोघांनी एकमेकांच्या बॉडीला हात लावायचा नाही असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

धाकटा थोडा हिरमुसला. त्याला म्हटलं, ओपन गेट पाहिजे तर आधी लॅपटॉप, मग मार्क ३, आणि तो तुझ्या कमाईतून. आपल्या गिऱ्हाइकांनी उभं-आडवं एकाच चौकटीतून मागितलेलं अजून ऐकलं नाही. मागायला लागले की दर वाढवू आणि घेऊ. सध्या रीलसाठी मोबाइलवाला पोरगा आहे, तो फक्त माझ्या चौकटीतून बाजूला उभा राहील एवढं बघायचं.

वाचलेल्या पैशांतून पत्रे होतायत. घरून या धाग्यावरच्या सगळ्यांना धन्यवाद आहेत, विशेषतः ताईंना.

धुळ्याची_शेवंती
पोचले. रविवारी हळदीचं बघायला विसरू नका.

सोनेरी_केळं
पुढच्या वेळी तरी सोनीचा विचार करा.

भुसावळ_जंक्शन
६डी मार्क २ चं काय करणार? मावसभाऊ शिकतोय, त्याला स्वस्तात काहीतरी हवंय.

मेहरूणची_बोरं
देऊन टाकू, भाव फोनवर बोलू. बॉडी आणि पट्टा. चार्जर देतो.

चोपडा_स्टुडिओ
बॅटऱ्या देऊ नका! ६डी मार्क २ च्या एलपी-ई६एन आर६ आणि मार्क २ दोन्हींत चालतात. मेकॅनिकल शटरचा वेग थोडा कमी मिळतो एवढंच. व्हिडिओला काही फरक नाही.

भुसावळ_जंक्शन
अहो चोपडा, सौदा माझा चाललाय आणि बॅटऱ्या तुम्ही काढून घेताय?

मेहरूणची_बोरं
एक बॅटरी देतो, बाकीच्या ठेवतो. मावसभावाला सांग, जुन्या काळचा डीएसएलआर आहे, उन्हात आमच्या सगळ्यांच्या आधी तोच दमतो की काय ते त्याने बघावं. फोन कर रात्री, नऊनंतर.